सुक्या बोंबलांची आवक-जावक

कोणत्याही उद्योगाचा कणा म्हणजे वर्गीकरण होय. माल दुय्यम. (माल विकला की संपतो, वर्गीकरण संपत नाही.)

चितगावात हे सत्य प्रथम माझ्या दुलाभाईंना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना उमगले. मोतालिबसाहेब जमीन-नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याच चैत्रात बहिणीने, म्हणजे रौशनआपाने, फेसबुकवर पेज काढून सुके बोंबील विकायला घेतले होते. चार पोती, झोपायच्या खोलीत. आषाढात हवा ओलावली की बोंबलाला बुरशी धरते, म्हणून पोती त्याआधी रिकामी होणे भाग होते.

पेजवर भाव लिहायचा नाही, ही आमच्याकडची रीत. कोणी भाव विचारला की "इनबॉक्समध्ये या" म्हणायचे. त्यामुळे रोज दोनेकशे माणसे इनबॉक्समध्ये येत. आपा भात ढवळता ढवळता, सापडेल त्याला उत्तर देई आणि अत्यंत बेशिस्तपणे बोंबील विकी. आठवड्यात अर्धे पोते गेले. दुलाभाईंना हे पाहवेना.

"हा काय बाजार आहे?"

"हो," आपा म्हणाली. "बाजारच आहे."

दुलाभाईंनी इनबॉक्स ताब्यात घेतला. संदेशांचे सात वर्ग पाडले: नुसता सलाम करणारे (एकेचाळीस टक्के), भाव विचारणारे, भाव ऐकून "या अल्लाह" म्हणणारे, अंगठा दाखवणारे, आपाचे माहेर कुठले याची चौकशी करणारे, चुकून आलेले (एका गृहस्थाची किराणा यादी, तिचीही रीतसर पोच दिली), आणि किरकोळ, म्हणजे बोंबील मागणारे.

सलामाला उत्तर देणे हे कर्तव्य, म्हणून पहिला वर्ग आधी निकालात काढायचा ठरले. उत्तर मिळाले की समोरचा "आपा, बऱ्या आहात ना?" असे विचारी. हा नवा संदेश. तो पुन्हा वर्ग एकमध्ये. सातव्या वर्गाचा नंबर ज्येष्ठ संपत आला तरी लागला नाही. मधे आपाने चोरून पाव किलो विकला. तिच्याकडून लेखी खुलासा घेण्यात आला.

एके दुपारी खालच्या मजल्यावरच्या दिलाराभाबी पिशवी घेऊन दारात उभ्या.

"भाईसाहेब, अर्धा किलो द्या बघू. वांगी चुलीवर आहेत."

"इनबॉक्समध्ये या."

"अहो, मी दारात आलेय!"

"दाराची नोंद होत नाही, भाबी."

आतून आपा कडाडली, "मुन्नीचे अब्बा, देऊन टाका की! माझ्या उशाशी पोती सडवताय का?"

"आज ह्यांना दिले," दुलाभाई शांतपणे म्हणाले, "तर उद्या सगळेच येऊन घेऊन जातील."

भाबींनी खाली जाऊन संदेश धाडला. सुरुवातीला सलाम होता, त्यामुळे वर्ग एक. तिसऱ्या दिवशी त्यांना सलामाचे उत्तर मिळाले. वांग्यांचे काय झाले, ते कळले नाही.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात पोत्यांवर हिरवट लव आली. त्याच सुमारास न वाचलेले संदेश शून्यावर आले आणि पेजला "तत्पर उत्तर देणारे" असा शिक्का मिळाला. दुलाभाईंनी गल्लीत मिठाई वाटली.

हसू नका. शिक्का मिळाल्यावर पेजला चार हजार नवी माणसे जोडली गेली, आणि तुम्हीसुद्धा अनोळखी दुकानात आधी तो शिक्काच बघता. वास काही पडद्यातून येत नाही.

साडेतीन पोती गुरुवारी कचरागाडीने नेली.