आधी पंप, मग पंखा

इतवारीतले ठोक व्यापारी वामनराव पांढराशुभ्र सदरा घालून कूलरसमोर बसले आणि प्रशिकने बटण दाबलं. गेल्या वर्षीची सगळी धूळ भस्सकन त्यांच्या अंगावर आली.

प्रशिकच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसच्या जुन्या कूलरला त्याने नवीन सर्किट बसवलं होतं आणि त्यातली चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः लिहिली होती. वामनरावांनी या सर्किटचा माल उचलला तरच प्रशिकची कंपनी तगणार होती. आणि आधी पंप लावायचा, कूलरच्या गवताच्या ताट्या भिजू द्यायच्या, मग पंखा, हे तर नागपुरात शेंबडं पोरही जाणतं!

"काय करून ठेवलं बे?" सोबत काम करणारी नंदिनी कुजबुजली.

"मी नाही वं! शेड्यूलरनं केलं!"

शेड्यूलर म्हणजे त्या सिस्टिममधला मुकादम. कोणी कधी कामाला लागायचं, हे तो ठरवतो. प्रशिकने कोड उघडला आणि तो हादरलाच. मुकादमाला त्याने सगळ्यांच्या आधी उठवून बसवलं होतं. पंखा दिसताच मुकादमाने त्याला जुंपलं. पंप बिचारा अजून तयारच व्हायचा होता.

वामनराव तोंड धुऊन येईपर्यंत प्रशिकने क्रम बदलला. आता पंप, पंखा, पाण्याचा सेन्सर सगळे तयार झाल्यावरच मुकादम उठणार होता.

पुन्हा बटण दाबलं. पंप घुरघुरला, ताट्यांवरून पाणी उतरू लागलं आणि पंखा शहाण्यासारखा थांबून राहिला. प्रशिकला अगदी भरून आलं.

वामनरावांना मात्र घामाच्या धारा लागल्या होत्या. "काहून गा, बिघडला का?"

"नाही जी, ताट्या भिजून राहिल्या. थोडंसं थांबा."

"थांबा? बाहेर ऊन पाह्यलं का? गिऱ्हाईक थांबते का?" ते उठलेच. "पयलेवालाच बरा होता."

"काका, तो बिघडलेला होता! धूळ उडाली ना तुमच्यावर!"

"उडाली तं उडाली! पण हवा कशी, दाबल्याबरोबर! तोच द्या, पुऱ्या उन्हाळ्याचा माल उचलतो."

नंदिनीने कीबोर्ड प्रशिकपुढे सरकवला.

"बस आता. बिघडव."

त्याने मुकादमाला पुन्हा सगळ्यांच्या आधी उठवलं. खोक्यावर 'तुरंत हवा' असं छापायचंही वामनरावांनीच ठरवून टाकलं.

दारापर्यंत गेलेले वामनराव सदरा झटकत परत फिरले.

"माह्या घरासाठी मात्र दुसरावाला द्या बरं," ते हळूच म्हणाले. "तुमच्या काकूले धूळ चालत नाही."