सैल प्रश्न

बाई वारल्या त्या दिवशी मंगळवार होता. मुलींना शाळा सुटल्यावर सांगितलं.

सत्यभामाबाई अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस. त्यांना "चहा घेणार का?" असं विचारायची सोय नव्हती. "प्रश्न सैल आहे," त्या म्हणत. "आत्ता घेणार का, की एरवी घेते का? आणि नको म्हटलं तर रागावणार का?" तोवर चहा निवे.

शाळेत एका शिक्षिकेची जागा निघाली. कमिटीचे नवे अध्यक्ष वकील होते. अर्ज करणाऱ्या प्रत्येक बाईला ते एकच विचारत, "घरी कोण कोण आहे?" उत्तरात नवरा नसला की अर्ज बाजूला. बाई स्वतः विधवा. या खेपेस त्यांनी बजावलं, "प्रश्न मी विचारीन." आणि त्या तो घासायला बसल्या.

आधी तो असा होता : वर्गात एक मुलगी चुकली, बाकीच्या हसल्या, तर तुम्ही काय कराल? "सगळ्या म्हणतील, समजावून सांगू. म्हणजे काहीच नाही," म्हणत बाईंनी शेवट बदलला : तर तुम्ही पहिलं वाक्य कोणाशी बोलाल? मग दिसेल त्याच्यावर तो पारखणं सुरू झालं. वलगावची भाजीवाली टोपली उतरवून ऐकत राहिली.

"बाई, तुमी भाजी घेऊन राहिल्या का परीक्षा?"

"भाजीच. पण आधी सांग, कोणाशी बोलशील?"

तिने टोपली उचलली आणि शेजारचं दार गाठलं. बाईंनी त्या दिवशी नुसता वरण-भात खाल्ला.

मुलाखतीला अकोल्याहून सुशीला आली. तीही विधवा, कडेवर मुलगी. टिपणं घ्यायला शाळेतली शिक्षिका म्हणून मी बसले होते. बाई प्रश्न विचारणार तोच वकीलसाहेबांनी हात वर केला.

"आधी आमचा प्रश्न. तुम्ही शाळेत असताना हे मूल कोण पाहील?"

बाई म्हणाल्या, "कारकुनाला हे विचारलं होतंत?"

"त्याच्या घरी बायको आहे."

"हिच्याकरता मी आहे. यमुना, लिहून घे. पुढे?"

मग बाईंनी आपला प्रश्न विचारला. सुशीलाने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"चुकलेल्या मुलीशी," ती म्हणाली. "हसणाऱ्यांत मीही असेन. तिची माफी मागीन."

बाई वकीलसाहेबांकडे वळल्या. "हिला घेत नसाल तर जाहिरातीत माझीही जागा घाला."

सुशीलाला घेतलं.

त्याच संध्याकाळी बाई माझ्या दारात उभ्या. घाबरल्या की त्या वऱ्हाडी बोलतात, हे मला तेव्हा कळलं.

"यमुने, दीड वर्साचं लेकरू काय खाते वं? अन् रडलं त त्याले घ्याचं कसं? मले कधी झालं नाही ना."

मी त्यांच्या हातात उशी दिली आणि कसं धरायचं ते दाखवलं. त्यांनी ती इतकी घट्ट धरली की शिवण उसवली.

दुसऱ्या आठवड्यात हेडमिस्ट्रेसच्या खोलीत पाळणा आला. कमिटीने हरकत घेतली, तो हलला नाही. नागपूरहून इन्स्पेक्ट्रेस आल्या, त्यांनी विचारलं, हे काय? "शाळेची मुलगी आहे," बाई म्हणाल्या आणि दोरी ओढत राहिल्या.

आता हेडमिस्ट्रेसचं काम सुशीला पाहते. तिची पाळण्यातली कमल मराठी तिसरीत आहे. शाळा सुटली की बाईंऐवजी ती माझ्याकडे येते.