पसंतीक्रम एक ते बारा

लहू साळवे यांनी स्वतःचं बी.कॉम. सोडलं तर आयुष्यात स्वतःसाठी एकही प्रवेश अर्ज भरला नव्हता. दुसऱ्यांचे मात्र त्यांनी हजारोंनी तपासले होते. औरंगाबादच्या एका कॉलेजात ते बत्तीस वर्षं कारकून होते, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. 'सोबत जोडलेली कागदपत्रे' या रकान्यात खोट निघाल्याशिवाय अर्ज त्यांच्या टेबलावरून सहसा पुढे जात नसे.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, साळवे आणि प्रमिलाताई लेकीकडे नेदरलँडमधल्या आइंडहोवनला आले ते सहा आठवड्यांसाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि सहा आठवड्यांचं काय होणार ते कोणालाच सांगता येईना. लेक हर्षा आणि जावई धम्मपाल संगणकाच्या चिप्स बनवण्याच्या यंत्रांवर काम करत. ते दोघं आता वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून काम करू लागले. नात मैत्री जेवणाच्या टेबलावर शाळा करू लागली. साळव्यांना काम उरलं नाही, म्हणून त्यांनी ते निर्माण केलं. सायकली बाहेर नेताना सही करायची वही त्यांनी दाराशी दोरीने बांधली, तेव्हा हर्षा खाली आली.

"बाबा, तुम्ही एखादा कोर्स करा बरं."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? मजेसाठी! इथे मोठ्या माणसांचं कॉलेज आहे. आता सगळं ऑनलाइन झालंय, इंग्लिशमध्येही आहे आणि करोनामुळे या टर्मला फी पण नाही."

"पात्रता काय लागते?"

"काही नाही."

"परीक्षा?"

"नाही."

"मग नापास कसं करतात?"

हर्षाने फॉर्म छापून त्यांच्या हातात दिला आणि ती मीटिंगला वर पळाली.

फॉर्म एका पानाचा होता. बारा विषय आणि प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. सूचना एकही नाही. साळव्यांनी खेदाने मान हलवली, चष्मा पुसला आणि कामाला लागले. प्रवेशाच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पोराला त्यांनी बत्तीस वर्षं एकच सल्ला दिला होता: "सगळे पर्याय भर. कुठे नंबर लागेल सांगता येत नाही." त्यानुसार त्यांनी बाराही चौकोनांत पसंतीक्रम घातले. आकाशदर्शन एक. पक्षीनिरीक्षण दोन. सायकलदुरुस्ती तीन, कारण इथे तिला मागणी होती. असं करत करत वाइनची ओळख अकरावर आली. पंचशील घेतलेल्या माणसाने ती त्याहून वर ठेवणं बरं दिसलं नसतं.

प्रमिलाताई मेथी निवडता निवडता डोकावल्या. "चित्रकला आहे का हो त्यात?"

"आहे. बारावी. तिला स्कोप नाही."

ज्या कॉलेजात कशालाच स्कोप नव्हता तिथे चित्रकलेलाच तेवढा का नाही, हे प्रमिलाताईंनी विचारलं नाही. त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या.

साळवे पहिल्या गुणवत्ता यादीची वाट पाहत बसले. यादी लागली नाही. सोमवारी सकाळी एकदम बारा ईमेल आले. बाराही विषयांना 'आपलं स्वागत आहे'. साळव्यांनी ते दोनदा मोजले.

"बाराच्या बारा?" प्रमिलाताई म्हणाल्या.

"मेरिट," साळवे म्हणाले.

त्यांनी औरंगाबादला मेहुण्याला, नीळकंठला, फोन लावला. नीळकंठने तासाभरात नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'आमचे दाजी लहू साळवे यांची नेदरलँडमध्ये बारा अभ्यासक्रमांसाठी निवड. जय भीम.' संध्याकाळपर्यंत एकशे चौदा अभिनंदनं आली. कोणीतरी साळव्यांचा जुना फोटो फुलांच्या चौकटीत बसवला.

हर्षाने वेळापत्रक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, एक निवडायचा होता! हव्या त्यापुढे खूण करायची, बस. इथे मागेल त्याला मिळतं. आता अकरा कॅन्सल करा. मंगळवारी अकराला तर पक्षी आणि चित्रकला एकाच वेळी आहेत!"

 साळव्यांचे वडील औरंगाबादच्या त्याच कॉलेजात शिपाई होते. उभी हयात त्यांनी वर्गाबाहेरच्या स्टुलावर काढली, आत बसायला कोणी बोलावलं नाही. लहूला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "मिळालेली जागा सोडायची नाही." आणि लेक म्हणत होती अकरा सोडा. तरी साळव्यांना व्यवहार कळत होता. त्यांनी कॉलेजला फोन लावला.

फोनवर मार्लेन बाई होत्या. कॉलेज त्याच चालवत, आणि चित्रकलाही त्याच शिकवत. साळव्यांनी मनातल्या मनात इंग्रजीत जुळवलेलं 'सविनय कळवण्यात येते की' अजून तोंडाबाहेर पडायचं होतं, तोच त्या म्हणाल्या, "मिस्टर साळवे! मी तुम्हालाच फोन करणार होते. वर्ग चालवायला किमान सहा माणसं लागतात. या दिवसांत कोण येतंय? नऊ वर्ग पाचावर अडले होते. मी ते बंद करायची पत्रंसुद्धा लिहून ठेवली होती. आणि तुमचा फॉर्म आला. खरं सांगू, मी रडले."

साळव्यांनी घसा साफ केला.

"तुम्ही काही विचारायला फोन केला होता का?"

"हो," साळवे म्हणाले. "वह्या कोणत्या आणायच्या?"

आणि वर्ग सुरू झाले. सायकलदुरुस्तीच्या दिवशी धम्मपालची सायकल दिवाणखान्यात सुटी झाली. ती पुन्हा सायकल व्हायला पाच दिवस लागले, आणि तेवढे दिवस धम्मपाल किराणा चालत आणत होता. योगाच्या डच बाईंनी भारतातून आलेले एकमेव विद्यार्थी म्हणून साळव्यांना प्रात्यक्षिक दाखवायला सांगितलं. त्यांना येत होतं ते एकच आसन, शवासन. ते त्यांनी इतकं मनापासून केलं की वर्ग संपल्याचं मैत्रीला येऊन सांगावं लागलं. वाइनच्या वर्गात प्रत्येकाने आपापल्या घरी आपापला पेला घ्यायचा होता. साळव्यांनी त्यात कोकम सरबत भरलं. 'आंबट, मागाहून किंचित खारट' हे त्यांचं निरीक्षण मास्तरांनी सगळ्यांना वाचून दाखवलं.

राहिला मंगळवार. साळव्यांनी रविवारपासून विचार केला आणि सोमवारी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला उद्या चित्रकलेला एक तास बसायचंय. मैत्रीच्या टॅबवर. नाव माझंच राहील. कॅमेरा बंद, माइक बंद."

प्रमिलाताईंनी गॅस बारीक केला. "म्हणजे प्रॉक्सी?"

साळव्यांचे कान लाल झाले. प्रॉक्सीवाल्यांचे ते कर्दनकाळ होते. मागच्या बाकावरून आलेलं खोटं 'हजर' त्यांना दाराबाहेरून ओळखू येत असे. एकदा तर जुळ्या भावाच्या जागी बसलेला जुळा भाऊ त्यांनी पकडून दिला होता.

"सहा माणसं लागतात," ते म्हणाले. "वर्ग बंद पडेल. तू नुसतं बसायचं. काही करायचं नाही."

"चित्रंपण नाही?"

"मुळीच नाही."

मैत्री टेबलापाशी गणितं सोडवत होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर तिला सोयीचं असेल त्या भाषेत मिळे. "दात माख नीट, आजोबा," ती म्हणाली. 'असं चालत नाही' या अर्थाचं हे डच वाक्य साळव्यांना तोपर्यंत चांगलं पाठ झालं होतं.

तीन मंगळवार बरे गेले. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात गळ्यात दुर्बीण अडकवून साळवे पक्षी ऐकत, दुसऱ्या कोपऱ्यात प्रमिलाताई टॅबपुढे बसत. चौथ्या आठवड्यात मार्लेन बाईंचा ईमेल आला. 'मिस्टर साळवे, तुमची चित्रं पाहून मी थक्क झाले आहे. विशेषतः मेथीची जुडी.'

साळवे ईमेल घेऊन स्वयंपाकघरात गेले. "तू चित्रं काढलीस?"

"गृहपाठ होता. आपल्या नावावर शून्य बरं दिसलं नसतं. मैत्रीने फोटो काढून पाठवले."

"आय ओन्ली प्रेस्ड सेंड," मैत्री म्हणाली.

पुढे भानगड आपल्या गतीने वाढत गेली. मार्लेन बाईंनी कॅमेरा लावायची विनंती केली. कॅमेरा बिघडल्याचं साळव्यांनी कळवलं. त्याच दुपारी योगाच्या वर्गात सहज डोकावलेल्या मार्लेन बाईंना ते सतरंजीवर स्पष्ट दिसले. कॅमेरा लवकर दुरुस्त झाल्याबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला. मग तो मंगळवारपुरताच बिघडतो असं लिहावं लागलं. तशात जूनमध्ये निर्बंध सैल झाले आणि पत्र आलं: सत्राची अखेर बागेत, दीड-दीड मीटरवर खुर्च्या मांडून, चित्रांच्या प्रदर्शनाने होईल. मिस्टर साळवे यांनी सर्वांसमोर दहा मिनिटांत एक चित्र काढून दाखवावं.

साळव्यांची झोप उडाली. पकडला गेलेला प्रत्येक प्रॉक्सी डोळ्यांपुढे येऊन उभा राहू लागला. त्यांनी गुपचूप सराव केला. आधी कप काढला.

"रबरी शिक्का छान आलाय," प्रमिलाताई म्हणाल्या.

"कप आहे तो."

बागेत वीसेक माणसं होती. वाइनचे मास्तर लांबून हात हलवत होते. हर्षा, धम्मपाल, मैत्री आणि प्रमिलाताई मागच्या खुर्च्यांवर बसले. दोरीवर चित्रं टांगली होती, आणि मधोमध एकावर कापड होतं. मार्लेन बाईंनी ते ओढलं.

चित्रात एक गृहस्थ खुर्चीत गाढ झोपले होते. गळ्यात दुर्बीण, कपाळावर चढलेला चष्मा, तोंड उघडं. समोरच्या लॅपटॉपवर एक बगळा त्यांच्याकडे नापसंतीने पाहत होता. बाग चित्राकडे पाहू लागली, मग साळव्यांकडे. पक्षीवर्गाचे मास्तर जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

"अप्रतिम आत्मचित्र," मार्लेन बाई म्हणाल्या. "मला एकच समजलं नाही, मिस्टर साळवे. डोळे मिटलेले असताना तुम्ही हे काढलंत कसं?"

साळवे उठले. कोणाला तरी पकडताना राहत तसे ताठ उभे राहिले, कारण दुसरं उभं राहणं त्यांना येत नव्हतं.

"मॅडम, मी गुन्हा कबूल करतो. माझ्या जागी माझी पत्नी बसत होती."

बाग शिक्षेची वाट पाहतेय असं त्यांना वाटलं. बागेला गुन्हाच कळला नव्हता. हजेरी सक्तीची नाही, मार्क नाहीत, तिथे तोतया कशाला बसवायचा, हे मार्लेन बाईंना दोनदा समजावूनही उमगलं नाही. शेवटी त्यांनी अगदी साधं विचारलं, "पण मग त्यांनी स्वतःच्या नावानेच अर्ज का नाही केला?"

साळव्यांनी मागे वळून पाहिलं. प्रमिलाताई पदराशी चाळा करत होत्या. बोटांना अजून शिसपेन्सिलीचं काळं लागलेलं होतं. पंच्याऐंशी साली लग्न ठरलं तेव्हा ही मुलगी त्यांच्याच कॉलेजात एस.वाय.ला होती, इंटरमीजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळवलेली. घर चालवायला माणूस हवं म्हणून तिचं नाव काढलं. नाव काढण्याचा तो अर्ज नव्या कारकुनाच्या खिडकीशी आला, आणि कागदपत्रं पूर्ण आहेत हे पाहून 'प्रवेश रद्द' हा शिक्का त्या कारकुनाने स्वतःच्या हाताने मारला. शिक्का सरळ उठला म्हणून त्याला तेव्हा बरंही वाटलं होतं. तो कारकून आज बागेत उभा होता, आणि त्याला मनापासून लाज वाटत होती.

"मी विचारलंच नाही," साळवे म्हणाले.

मार्लेन बाईंनी पुढच्या सत्राचा फॉर्म आणून प्रमिलाताईंच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि दीड मीटर मागे सरल्या. साळव्यांनी खिशातलं पेन काढून दिलं.

"सगळे पर्याय भर," ते सवयीने म्हणाले. "कुठे नंबर..."

प्रमिलाताईंनी एकाच चौकोनात खूण केली, खाली सही केली आणि पेनाचं टोपण लावून ते परत दिलं.

सप्टेंबरात विमानं मिळू लागली होती, पण सत्र संपल्याशिवाय निघायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्याच मंगळवारी मार्लेन बाईंनी घरातलाच एखादा माणूस समोर बसवून चित्र काढायला सांगितलं. कॅमेरा चालू होता. साळवे खुर्चीत बसून होते, आणि पक्षीवर्ग सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

"अगं, मी जरा..." ते उठू लागले.

"बसा," प्रमिलाताई कागदावरची नजर न काढता म्हणाल्या. "मिळालेली जागा सोडायची नाही."