करंजवाडीचं भारमान

डेपोतून आलेला कागद सावळारामनं मुलीकडून तीनदा वाचून घेतला. तिन्ही वेळा त्यात तेच निघालं. करंजवाडीच्या सकाळच्या बसचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, फार कमी; बस रिकामी धावते, डिझेल जळतं, हवेत धूर होतो; सबब सोमवारी साहेब चढाच्या माथ्यावर थांबून प्रवासी मोजतील. तीसपेक्षा कमी भरले, तर बस बंद.

सावळारामचं डोकंच फिरलं. त्याची सुलक्षणा भोरला अकरावीत शिकत होती. बस बंद म्हणजे कॉलेज बंद, आणि कॉलेज बंद झालं की तिच्या मामानं काढलेलं स्थळ दारात हजर.

"अख्ख्या वाडीत दोन फटफट्या, आन् धूर म्हनं आमचा!" तो कडाडला.

रविवारभर तो घरोघर फिरला. बनाबाईला त्यानं गुडघेदुखीची आठवण करून दिली, रखमाजीला बियाण्याची. ज्याला काहीच काम नव्हतं, त्यालाही भोरला काम काढून दिलं. सोमवारी एकेचाळीस माणसं बसमध्ये कोंबलेली बघून कंडक्टर हाफिजभाई चक्रावले.

"कुनाचं लगीन हाय का आज?"

"लगीन टाळायलाच चाललोय. तुमी तिकिटं फाडा."

चढाच्या पायथ्याशी इंजिन गुरगुरलं. बस जुनी, भरली की चढ घेत नसे. मग माणसं उतरायची, चढ पायी चढायची आणि माथ्यावर पुन्हा बसायची. ही रीत वाडीच्या इतकी अंगवळणी पडली होती, की कुणी न सांगताच सगळे भराभरा उतरले. सावळाराम सगळ्यांच्या आधी उतरला. शिवाय बनाबाईला हात देऊन त्यानंच उतरवलं.

अर्ध्या चढावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आरं पळा! साहेब वर मोजतोय!"

ते धापा टाकत पोचले तेव्हा साहेबांनी कागदावर शून्य लिहिलं होतं. तिकिटं एकेचाळीस आणि माणूस एकही नाही, म्हणून हाफिजभाईंची झाडाझडती चालली होती.

"साहेब, ही बघा मानसं! आमी बशीतच व्हतो."

"मग खाली कशाला उतरलात?"

"बस चढावी म्हनून."

"म्हणजे हा चढ तुम्ही पायी चढता?"

"गाडी भरली की चढतोच की!" सावळारामनं छाती पुढे काढून सांगितलं.

साहेबांनी तेही लिहून घेतलं. सुलक्षणाला राहवेना.

"साहेब, तुमच्या जीपमदी किती जन बसत्यात?"

"आठ."

"आन् आज किती आलाय?"

साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि जीपमधून एकटेच निघून गेले. मागं राहिलेला काळा धूर एकेचाळीस जणांनी वाटून घेतला.

पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला. बस चालू राहणार होती. सावळारामनं पेढ्यांची भाषा सुरू केली, तोवर सुलक्षणानं पुढची ओळ वाचली. प्रवासी चढ पायी चढण्यास सक्षम असल्याचे पाहणीत आढळल्याने, डिझेलबचतीसाठी बस यापुढे माथ्यावरूनच सुटेल.

सावळारामनं साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुलक्षणा शांतपणे दप्तर भरत होती.

"आबा, चिडताय कशाला? कालेज ऱ्हायलं की."

"आगं, पन त्यो चढ!"

"चढाचं काय! मी चढंन रोज. मामाला कळवा, पावन्यांना पोरगी बघायला यायचं आसंल तर परत जाताना त्यांनाबी पायीच चढावा लागंल म्हनून."

सावळारामनं त्या कागदाची नीट घडी घातली आणि देवाच्या फोटोमागं जपून ठेवली.