आंब्याच्या खोक्यांतलं वाचनालय

आधीच सांगून ठेवते, ग्रंथपाल या माणसाला कमी समजू नका. लोकांना वाटतं, ही बाई 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून दिवसभर डुलक्या काढते. माझ्या सासूबाई तर शेजारपाजारी सांगतात, "आमची मनस्विनी वाचनालयात पुस्तकं पुसते." मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, तिच्यावर दुसरी पदवी चढवली. नुसत्या वासावरून मी सांगते की पुस्तक वाचलं गेलंय की उशाला घेतलं गेलंय. आमच्या रत्नागिरीतल्या वाचनालयाला माझ्याइतकी लायक बाई आजवर मिळालेली नाही. हे दुसरं कोणी म्हणत नाही, म्हणून मला म्हणावं लागतं.

अडचण एकच होती. माझ्या पदाच्या आधी 'प्रभारी' हा शब्द चिकटला होता. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा समितीने "तात्पुरतं सांभाळा" म्हणून खुर्ची दिली, आणि ते तात्पुरतं काही संपेना. शेजारून उसन्या आणलेल्या पातेल्यासारखी माझी गत. रोज वापरतात, पण आपलं म्हणत नाहीत.

वाचनालयाचे कार्यवाह म्हणजे परशुरामभाऊ. मूळचे आंब्याचे बागायतदार, आणि आंबा भरायची त्यांची शेड वाचनालयाच्या अगदी पाठीमागे. त्यांचा भाचा यज्ञेश माझ्याच खुर्चीवर डोळा ठेवून होता. त्याने ग्रंथालयाचा छोटा कोर्स केला होता, आणि मोबाईलमधून मान वर काढली की तो 'डिजिटल' एवढा एकच शब्द बोलायचा.

एप्रिलच्या शेवटी भाऊ आले आणि माझ्यासमोर सुपारी कातरत बसले.

"पुढल्या महिन्यात जिल्ह्याच्या अधिकारी मॅडम तपासणीला येतायत. आपलं वाचनालय ब वर्गात. अ वर्गाची शिफारस झाली, तर तुमचं कायम करू."

"आणि नाही झाली तर?"

"तर यज्ञेश आहेच."

"शिफारस होणार, भाऊ."

"ती कशी?"

"नेतृत्वाने," मी म्हटलं.

भाऊंचा अडकित्ता थांबला. "म्हणजे नक्की काय करणार?"

नक्की काय ते मी त्याच संध्याकाळी ठरवलं. तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा बघतो की दप्तरी नोंदलेली पुस्तकं खरोखर जागेवर आहेत का. आणि ती कुठल्याच वाचनालयात नसतात. कोणी बाळंतपणात नेलेली असतात, कोणी बदलीच्या गावी. मी ठरवलं, आपल्याकडे एकूणएक पुस्तक घरी आणायचं. दंड सगळा माफ.

माझी मदतनीस उमा म्हणाली, "ताई, दंड माफ केलात तर लोक आणतील हो."

"आणायलाच हवीत."

"सगळे आणतील."

"अगं, तेच तर हवंय."

उमा गप्प बसली. ती गप्प बसली की आपण थांबावं, हे आता कळतं. पण नेता मागे वळून बघत नाही, असं मी नुकतंच कुठेसं वाचलं होतं.

मी मोबाईलवर संदेश फिरवला. 'पुस्तक कितीही जुनं असो, कोणीही नेलेलं असो, आणून द्या. कोणी काही विचारणार नाही.' आणि रत्नागिरीकरांना फुकट माफी मिळतेय म्हटल्यावर काय विचारता! दुसऱ्या दिवशी दार उघडायला गेले तर पायरीपासून रांग.

मालगुंडहून यमुनाबाई एसटीने पिशवी घेऊन आल्या. "हे ह्यांनी नेलेलं. ह्यांना जाऊनही जमाना झाला. म्हटलं, वर तरी दंड नको लागायला."

एक निवृत्त मास्तर रिक्षाभर पुस्तकं घेऊन आले. मी शिक्के बघितले. "गुरुजी, ही आमची नाहीत. तीन वेगवेगळ्या गावची आहेत."

"मग?"

"मग ती त्या त्या गावी द्या ना."

"तुमच्या संदेशात काय लिहिलंय? कोणी काही विचारणार नाही. तुम्ही विचारताय." आणि रिक्षा रिकामी करून ते निघूनसुद्धा गेले.

आठवडाभरात मला एक गोष्ट कळली, जी दोन पदव्यांत कोणी शिकवली नव्हती. आमचं वाचनालय त्या इमारतीत मावत होतं, कारण निम्मी पुस्तकं कायम लोकांच्या घरी होती. गणपतीला सगळे चाकरमानी एकदम गावी आले की घरात पाय पसरायला जागा उरत नाही, तसं झालं. कपाटं भरली, टेबलं भरली, जिन्यावर चळत लागली. रोज पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना खुर्ची मिळेना, तर ते शब्दकोशांच्या ढिगावर बसायला लागले. मोठ्या कोशावर बसलं की उजेड चांगला येतो, असंही वर सांगायचे.

तपासणी दोन दिवसांवर आली. यज्ञेश दारात उभा राहून गालात हसत होता. "मामा, हे सगळं स्कॅन केलं असतं ना, तर एवढ्याशा पेनड्राईव्हमध्ये बसलं असतं."

"तूही बस त्यातच," मी म्हटलं.

शेवटी भाऊच म्हणाले, "शेडमध्ये माझी रिकामी खोकी पडलीत. त्यात भरून ठेवा. मॅडमना दाखवायची तेव्हा दाखवा."

झालं, मी पदर खोचला. उमा आणि मी मिळून जास्तीची सगळी पुस्तकं आंब्याच्या लाकडी खोक्यांत भरली. आणि कशी भरली म्हणता? खाली गवत, वर पुस्तकं, मध्ये गवत, विषयवार, कोपरा न दुमडता. वरून फळ्या ठोकल्या, सुतळ्या आवळल्या. शेडच्या डाव्या अंगाला भाऊंची आंब्याची खोकी होती, उजव्या अंगाला माझी. दोन्ही बघून परकासुद्धा म्हणाला असता की उजवीकडचा माल एक नंबर आहे.

आणि तेच नडलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसून शेडमध्ये गेले, तर उजवं अंग साफ रिकामं. डावीकडे भाऊंचे आंबे जिथल्या तिथे, मजेत. मी तशीच भाऊंकडे धावले.

"भाऊ, माझी खोकी?"

"असतील की. धाकूला सांगितलं होतं पहाटे, शेडमधला नीट भरलेला माल उचल आणि चिपळूणच्या व्यापाऱ्याकडे पोचव म्हणून." भाऊंच्या हातातला चहाचा कप हळूहळू खाली आला. "तुमचा माल तसा नीट भरलेला होता, नाही का?"

धाकू म्हणजे भाऊंचा टेम्पोवाला. मी त्याला फोन लावला.

"धाकू, कुठे आहेस?"

"संगमेश्वरात. पुढं टँकर आडवा झालाय, गाड्या दोन्ही बाजूंनी उभ्या. काय झालं वो ताई?"

"खोकी घेऊन परत ये. त्यात आंबे नाहीत."

"आसं कसं? वजन तर बरोबर लागतंय."

"अरे, पुस्तकं आहेत! उघडून बघ."

फळी निघाल्याचा आवाज आला. मग धाकू म्हणाला, "ताई, ह्यात तर बैलांच्या रोगांचं पुस्तक हाय. आमच्या बापाला लय हवं होतं."

"हात लावू नकोस. खोकं बंद कर."

"आता कसा बंद करू? लोक जमलीत. उन्हात गाड्या बंद करून बसलीत बिचारी, मागतायत वाचायला."

"देऊ नकोस!"

"दिली पण."

"कोणाला?"

"त्या लाल गाडीतल्या बाईला. त्या ट्रकवाल्याला. एसटीतली बरीच आहेत. परत देतो म्हणालीत."

"नावं लिहून घेतलीस का?"

"नावं कशाला? चेहऱ्यावरून भले वाटतायत." आणि रेंज गेली.

तुम्हाला सांगते, नोंद न करता पुस्तक देणं हे ग्रंथपालाच्या काळजात सुरी घालण्यासारखं असतं. मी तिथेच बाकावर बसले आणि मला खरंच रडू आलं. रडू खुर्चीसाठी नव्हतं. म्हणजे, खुर्चीसाठीही होतं. पण एवढी वर्षं जपलेली पुस्तकं आता गोव्यापासून मुंबईपर्यंत उधळली जाणार, हे डोळ्यांपुढे दिसत होतं. यज्ञेशने तेवढ्यात येऊन विचारलं, "ताई, तुमची खुर्ची गोल फिरते का हो?" त्याला उमाने झाडू घेऊन बाहेर काढलं.

मॅडम सकाळीच यायच्या होत्या, त्या दुपार कलताना पोचल्या. चेहरा उन्हाने लाल. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि पर्समधून एक पुस्तक काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. आमचं. आमचा शिक्का.

"मी देवरुखहून संगमेश्वरमार्गे येत होते," त्या म्हणाल्या. "रस्त्यात अडकले. तिथे एक टेम्पोवाला लोकांना पुस्तकं वाटत होता. मलाही दिलं. म्हणाला, रत्नागिरीच्या बाईंचं आहे, वाचा आणि गुमान परत द्या, त्या फार कडक आहेत."

भाऊंनी डोळे मिटून घेतले.

"या पुस्तकाची शेवटची पानं नाहीत," मॅडम म्हणाल्या. "खून कोणी केला?"

"सावत्र भावाने," मी म्हटलं. "पानं सुटलीत, आतल्या खणात पाकिटात जपून ठेवलीत. आणू का?"

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "मी इतक्या वाचनालयांची तपासणी केली. सगळीकडे कुलूपबंद कपाटं दाखवतात. अडकलेला अख्खा हायवे पुस्तकात डोकं घालून बसलाय, कोणी हॉर्न वाजवत नाहीये, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. ही कल्पना कोणाची?"

परशुरामभाऊंचा हात लगेच वर गेला. "टेम्पो माझा आहे, मॅडम." मागून यज्ञेशचा गेला. "तसं मी बरेच दिवस सुचवत होतो." हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी हात असा वर केला की सगळ्यांच्या वर दिसावा.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आणि वाटलेली पुस्तकं गोळा करून आणायची जबाबदारी कोणाची?"

भाऊंचा हात खाली आला आणि सुपारीच्या डब्याकडे गेला. यज्ञेशचा मोबाईलकडे गेला. माझा हात वरच होता, ताठ.

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "याला ग्रंथपाल म्हणतात. कायम आहेत ना या?"

भाऊंनी भाच्याकडे पाहिलं. भाचा पुटपुटला, "मामा, हायवेवर फिरणं मला नाही जमायचं."

"कायमच आहेत," भाऊ म्हणाले. "आमच्या ग्रंथपाल मनस्विनीताई."

प्रभारी नाही. नुसतं ग्रंथपाल. उमाने तर टाळ्याच वाजवल्या. पावसाळ्याआधी अ वर्गाची शिफारसही झाली, आणि पुस्तकं म्हणाल तर अजून येतायत. कुठल्या एसटीचा कंडक्टर आणून देतो, कोणी पुण्याहून पोस्टाने धाडतं, ट्रकवाल्याने तर सोबत काजू पाठवले. सासूबाई आता शेजारी सांगतात, "आमची मनस्विनी हायवे सांभाळते." चुकीचं आहे, पण ऐकायला बरं वाटतं.

तो हात आमच्याकडे फार गाजला. समितीच्या बैठकीत भाऊ अजून सांगतात, जबाबदारी म्हटल्यावर बाईंचा हात तसूभर हलला नाही, याला म्हणतात नेतृत्व. मीही मान डोलावते. आता तुमच्यापाशी म्हणून सांगते. मॅडमच्या हातातल्या पुस्तकाच्या पाठीवरची माझी क्रमांकाची चिठ्ठी घामाने सुटत आली होती, आणि ती कधी एकदा चिकटवते या नादात मी तो दुसरा प्रश्न ऐकलाच नव्हता.