मारोतराव सरांचा घोळका

मारोतराव सरांबरोबर भाजी आणायला जाऊ नये. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घ्यायची की नाही एवढं ठरवायला ते आजूबाजूच्या चौघांना गोळा करतात, खांद्यांवर हात टाकतात, सगळ्यांना माना खाली घालायला लावतात आणि कुजबुजतात, "आज सांबार नोको, लय महाग हाय." त्या चौघांत सांबारवालाही असतो. तोही मन लावून ऐकतो.

सर आमचे शेजारी. बेला गावच्या शाळेत जन्मभर कवायत शिकवली. काकू गेल्यापासून घरी एकटेच असतात. हा घोळका त्यांनी उचलला अमेरिकन फुटबॉलमधून. हसू नका, आमच्या बेल्यात अमेरिकन फुटबॉलचा संघ होता. एक हंगाम जगला.

झालं असं, की कापसाच्या जिनिंग मिलच्या मालकाचा भाचा परदेशातून तो लांबट चेंडू घेऊन आला आणि मालकाला हौस चढली. त्याने जर्सी शिवून दिल्या, सामन्यामागे मानधन कबूल केलं आणि सरांना प्रशिक्षक नेमलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेलं रान सपाट करून मैदान झालं. डोक्याला मोटारसायकलची हेल्मेटं, आणि खेळाडू म्हणून गावातली कबड्डीची पोरं.

पोरं दणकट, पण कबड्डी अंगात मुरलेली. श्रीकांत चेंडू घेऊन सुसाट पळायचा, समोरच्या दोघांना शिवायचा आणि दम धरून आपल्याच हद्दीत परत यायचा. वर दोन गडी बाद केल्याचा आनंद. सर कपाळाला हात लावायचे, पण रागवायचे नाहीत. "या रे, घोळका करा," म्हणायचे.

या खेळात प्रत्येक डावाआधी खेळाडू असे गोल उभे राहून चाल ठरवतात. बाकीचा खेळ सरांना कितपत कळला देव जाणे, हे गोल उभं राहणं मात्र पक्कं कळलं. चाल एका वाक्यात सांगून व्हायची. मग कोणाच्या आईचा गुडघा, कोणाची म्हैस, कोणाचं लग्न, अशी चौकशी चालायची.

पैनगंगेपलीकडच्या संघाशी सामना ठरला. जिंकलात तर पुढच्या वर्षीही संघ ठेवतो, नाहीतर बंद, असं मालकाने बजावलं होतं. शेवटी शेवटी आम्ही त्यांच्या गोलरेषेपासून हातभर अंतरावर आलो. एका धक्क्यात चेंडू रेषेपार गेला असता आणि सामना आमचा झाला असता. तेवढ्यात सर मैदानात शिरले, घोळका केला आणि सोडेनातच. पंचांनी शिट्ट्या मारल्या, उशीर केला म्हणून आम्हाला मागे ढकललं, पुन्हा ढकललं. मी कडेला उभा होतो; घोळक्याच्या आतून श्रीकांतचा आवाज आला, "सर, सोडा ना आता." वेळ संपली तेव्हा आमचा संघ गोल उभाच होता.

घरी येताना मी चिडून विचारलं, "सर, काऊन सोडलं नाही?"

 चालता चालता ते म्हणाले, "तुयी काकू गेल्यापासून जो तो पायाच पडते रे. खांद्यावर कोणी हात ठेवत नाही."

माझा राग तिथेच विरला.  त्यांना जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण ज्यांनी आपल्याला कवायत शिकवली त्यांच्या खांद्यावर हात कसा टाकणार?

संघ बंद झाला. पोरं कामधंद्याला हैदराबाद, नागपूरला पांगली. बाजारातला घोळका तेव्हापासूनचा.

यंदा दसऱ्याला पोरं गावी येणार असं कळलं आणि सर सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले. एक जण न्याहारीच्या वेळेला आला, सोनं देऊन पाया पडला आणि पुढच्या घरी गेला. दुसरा जेवणं झाल्यावर. श्रीकांत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दर वेळी सर उठत, आशीर्वाद देत आणि त्याच्या मागून आणखी कोणी येतंय का ते बघत.

दिवे लागल्यावर मी सोनं घेऊन गेलो. सरांच्या बाजूला पानांचा ढीग झाला होता.

"सगळे आले रे," ते म्हणाले. "पण एकेक करून."