शालिनीबाईंच्या सनदेवरील पदवीची हकीकत

श्रीगजानन आणि शाईची दौत, उभयतांस नमस्कार करून लिहिणे जे. शके १८९७, राक्षसनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी पाणीखात्याच्या राज्यात मोठा पेच उभा राहिला, तो ऐसा. शालिनीबाई तोरणे, खात्यातील जाणत्या इंजिनेर, वीस वर्षे कालवे मोजून उन्हात रापलेल्या. त्यांस पूर्वेकडील ठाण्याची सनद द्यावी ऐसे ठरले, आणि भर दरबारी दफ्तरदार हैबतराव सनद लिहावयास बसले. आणि त्या राज्यात इंग्रज मागे ठेवून गेला तो रिवाज होता, की बाईमाणसाचे नावाआधी पदवी लिहिल्याखेरीज शिक्का उठत नसे. लग्न झाले नसेल तर मिस, झाले असेल तर मिसेस. काम अडले तर तोंडावर मॅडम, आणि पाठ फिरली की 'ती बाई'. मिस असेल तर उद्या लग्न करून निघून जाईल म्हणून ठाणे देऊ नये, आणि मिसेस असेल तर नवऱ्याचे संमतिपत्र जोडावे, ऐसा दोहींकडून आडवा कायदा. आणि शालिनीबाईंचा नवरा तर नऊ वर्षांमागे दुसरा घरोबा करून परमुलखी गेलेला. सही आणावी कोठून?

हैबतराव बोलिले, "बाई, सांजपर्यंत धन्याची सही आणा, नाहीतर सनद दुसऱ्यास जाते. नियमच आहे, आमचा काय इलाज?" बाईंस मोठा संताप जाहला आणि डोळे भरून येऊ पाहत होते, ते त्यांनी भरू दिले नाहीत. मनी म्हणाल्या, ज्याने नऊ वर्षांत एक कार्ड धाडले नाही, त्याच्या सहीने मी कालवा राखू? आणि मग खात्याचे मुख्य, गादीवर बसलेले हुजूर, त्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "हुजूर, कायदा शिरसावंद्य. परंतु येथे एकवीस पुरुष बसले आहेत. कोणाचे लग्न झाले, कोणाच्या बायकोने संमती दिली, हे चोपदाराने आधी पुकारावे, मग मी माझी पदवी सांगेन. तोवर येथून हलणार नाही."

मग चोपदाराने घसा खाकरून पहिले नाव घेतले हैबतरावांचे, आणि हैबतराव, वय एकावन्न, अठरा स्थळांकडून नकार आलेले, ते कपाळीचा घाम पुसू लागले, आणि दोघे सरदार हळूच दाराकडे सरकले, आणि हुजुरांच्या दुसऱ्या बिऱ्हाडाची वार्ता तर शिपायांसही ठाऊक. हुजूर घाईने वदले, "पुरे, पुरे! पुरुषास मिस्टर एकच, तैसे बाईसही एकच असो. विलायतेत मिझ म्हणतात, लग्न पुसत नाहीत. तेच लिहा." हैबतराव कुरकुरले, "आणि संमतिपत्राचा रकाना?" तेव्हा बाईंनी त्यांच्या हातची लेखणी घेतली, रकान्यावर आडवी रेघ मारली आणि खाली आपली सही ठोकली.

सारांश, शालिनीबाईंनी ते ठाणे चौदा वर्षे राखिले आणि टोकाच्या शेतासही पाणी पोहोचविले. मुलखात त्यांस मिझ कोणी म्हटले नाही, साहेब म्हणू लागले. तेही बाईंनी चालू दिले नाही. म्हणाल्या, "मला नाव आहे. शालिनीबाई म्हणा."